मिठाच्या खिडकीचे सर

सरांची ओळख आधी नाकाला झाली, मग डोळ्यांना. पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू व्हायला मी पारनेरहून राहुरीकडच्या त्या कॉलेजात आले, तर फाटकातच कुजलेल्या कोबीचा भपकारा आला. मी शिपायाला विचारलं, इथे मुलांची खाणावळ आहे का. तो म्हणाला, "खानावळ न्हाई बाई, ते आपलं केमिस्ट्रीचं सर हायेत." आणि त्याने बोरीच्या झाडामागच्या एका लांबलचक पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. वारा तिकडूनच होता.

खोलीत गेले, तर खांद्यात वाकलेला एक उंच माणूस तोंडाला रुमाल बांधून मांडीवरच्या पाटावर काहीतरी हळूहळू घासत बसला होता. मी नाव सांगितलं, डिग्री सांगितली, विद्यापीठात कितवी आले तेही सांगितलं. तेव्हा मला त्या सगळ्याचा फार अभिमान होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रुमालाआडून विचारलं, "ह्यातलं कामाचं किती?"

मला असा राग आला! पारनेरकडे पाणी कमी आणि जीभ तिखट, त्यामुळे मीही म्हटलं, "ते तुम्हीच शोधा, मी नवीन आहे." सरांनी रुमाल खाली ओढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बसा. हातांना घाम येतो का तुमच्या?" एवढीच माझी मुलाखत.

पुढे कळलं की 'कामाचं किती' हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. प्राचार्यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबताना सरांचा आवाज मागच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आला, "कामाचं किती होतं?" प्राचार्य दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यामुळे सभा कमी झाल्या, हा सरांच्या मते फायदाच. सायकलचं मडगार्ड, कॅरिअर आणि घंटी त्यांनी काढून टाकली होती. घंटीचं ओझं कशाला वाहायचं, मी ओरडतो की, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरोखरच बाजारपेठेतून "बाजूला, बाजूला" असं ओरडत जायचे. घरची चूल तर त्यांनी तीनदा पाडून बांधली. जाळाची धग वाया जाऊ नये म्हणून एकावर एक तीन भांडी ठेवायची सोय केली. खालचं करपायचं, वरचं कच्चं राहायचं, आणि मधलं तेवढं जेवायला मिळायचं. वहिनी, म्हणजे सरांची बायको, मला हे सांगताना हसत होत्या. पण ते हसणं काही मनापासूनचं नव्हतं, हे मला तेव्हाही जाणवलं.

कारण वहिनींचं एक दुःख होतं. सरांनी मीठ घासायला म्हणून त्यांच्या लग्नातल्या शालूचा पदर कापला होता. काठ ठेवले, आतलं रेशीम नेलं. वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आणि दुःख ते नव्हे. आठ दिवस आपण बोललो नाही हे नवऱ्याच्या लक्षातच आलं नाही, हे होतं.

आता ते मीठ काय, हे सांगितलं पाहिजे.

सरांना एकच वेड होतं. त्यांना जाळापासून लेसर करायचा होता. लेसर हा शब्द तेव्हा आमच्या भागात कुणी ऐकलेला नव्हता. मी पुस्तकात वाचला होता, तोही परीक्षेपुरता. सर म्हणायचे, "बाई, लेसरला लोक वीज पाजतात. पोतंभर वीज घाला आणि मूठभर किरण मिळवा, बाकीची सगळी ऊब होऊन वाया. त्यात आपल्याकडे वीज येते कधी, जाते कधी, देव जाणे. त्यापेक्षा जाळच असा लावायचा, की त्यातला रेणू जन्माला येतानाच जेवून येईल. त्याला भरवायची गरज नाही. फक्त त्याच्या अंगातला जोर निवायच्या आत काढून घ्यायचा."

असा जाळ म्हणजे कार्बन डायसल्फाइडचा. धान्यातली कीड मारायला ते वापरतात, वास त्याचाच. एका लांब लोखंडी नळीतली हवा पंपाने जवळजवळ सगळी उपसायची, तिच्यात हे आणि ऑक्सिजन सोडायचा आणि पेटवायचं. निळा, फिकट, मुका जाळ लागायचा. त्यातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि काचेतून पार होत नाही. मिठातून मात्र होतो. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना काचेऐवजी मिठाच्या खिडक्या, आणि त्यांच्याबाहेर किरण मागेपुढे परतवायला समोरासमोर दोन आरसे. साधंच मीठ, पण एकसंध स्फटिक, पाण्यासारखा नितळ. सरांच्या मुंबईच्या एका मित्राने विटेएवढा तुकडा पाठवला होता. तो आला त्या दिवशी शिपायाने सरांच्या नकळत चाटून पाहिला आणि मला हळूच सांगितलं, "बाई, खरंच खारट हाय." मीही चाटला.

त्या स्फटिकाच्या चकत्या काढायच्या आणि स्पिरिटात भिजवलेल्या रेशमावर घासून आरशासारख्या गुळगुळीत करायच्या, हे सरांचं रोजचं काम. पाणी लागलं, घामाचा हात लागला, की संपलं. श्वास लागला तरी ती धुरकट होते. म्हणून तो रुमाल. माझ्या तोंडालाही रुमाल आला. सर म्हणाले, "तुम्हाला दुहेरी फायदा आहे, जीभही झाकली जाते." मी चकती जरा जास्तच जोरात घासली. खिडक्या तयार झाल्या की त्या कळीच्या चुन्याच्या डब्यात बंद, म्हणजे हवेतला ओलावा चुना खाईल आणि मीठ वाचेल.

हे सगळं कशासाठी? तर साखरेच्या जाळीसाठी. सरांनी तरुणपणी साखर कारखान्यात नोकरी केली होती. साखर आणि मळी वेगळी करायला तिथे गरगर फिरणारी यंत्रं असतात, त्यांच्या आत बारीक भोकांची जाळी असते. एका हंगामात जाळ्या फाटल्या, नव्या लांबून यायच्या त्या आल्या नाहीत, आणि ऊस गाड्यांवर वाळत उभा राहिला. सर ते विसरले नव्हते. "भोकं पाडायला एवढं काय लागतं?" असं मनात धरून त्यांनी नोकरी सोडली आणि मास्तर झाले. तशी जाळी इथेच, वीज असो-नसो, किरणाने भोकं पाडून काढायची. मला ते सुरुवातीला खुळ्यासारखं वाटलं. महिन्याभरात मीच कॉलेज सुटल्यावर घरी जायचं विसरायला लागले.

बहात्तरच्या दुष्काळात सगळीकडे विहिरी आटल्या आणि सरांच्या खोलीचं भाग्य उजळलं. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झालं तसंच. डोंगराकडच्या गावचे बबनराव, त्यांचा मुलगा आमच्याकडे शिकायचा, एक दिवस बैलगाडीत डिझेल इंजिन घालून आले. म्हणाले, "मास्तर, हिरीत पानी न्हाई. इंजिन घरी बसून गंजतंय. तुमच्या पंपाला जोडा, निदान फिरंल तरी." सरांचा पंप वीज गेली की मरायचा. आता तो इंजिनाच्या पट्ट्यावर धडधडायला लागला.

बबनराव कट्ट्यावर बसून सगळं बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमचा ह्यो किरन काळा खडक फोडंल का? म्हंजे माझी हीर आजून खाली नेता यील."

कुणीही दुसरा माणूस "प्रयत्न करू" म्हणाला असता. सर म्हणाले, "नाही. माझ्या आयुष्यात तरी नाही."

"बरं झालं सांगितलं," बबनराव म्हणाले. "सगळी व्हय व्हय म्हंत्यात, अन् आमी वाट बघत बसतो." आणि त्यानंतर ते इंजिनाची देखभाल जास्तच मनापासून करायला लागले.

दुष्काळाचा दुसरा गुण म्हणजे हवा कोरडीठाक. आमच्या मिठाच्या खिडक्या चुन्याच्या डब्याबाहेरही दिवसदिवस नितळ राहायच्या. सर त्या काळात मान वर न करता घासत बसायचे. एकदा घासता घासता म्हणाले, "बाई, सगळा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसलाय आणि हे साल एकट्या मला मानवतंय. लाज वाटते हो." मी त्यांना काय सांगणार? मीही त्याच खिडक्या घासत होते.

मग चेअरमन आले. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाचे ते प्रमुख; धोतर, टोपी, आवाज खणखणीत, आणि मनाने सरळ माणूस. दुष्काळी कामांवरच्या लोकांना वाटायला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, पोती येणार होती आणि ती ठेवायला जागा हवी होती. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"सर, मला शास्तर कळत न्हाई. माझ्याकडं पोती येनार हायेत आन् पोत्यांना छप्पर पायजे. तुमी सगळ्यांना इचारता ना? मंग मी बी इचारतो. ह्यातलं कामाचं किती?"

मी सरांकडे पाहिलं. नळीत जाळ लागत होता, पण किरण काही निघत नव्हता. इतक्या दिवसांत एकदाही नाही. सर खाली बघून म्हणाले, "पोती आधी. बरोबर आहे तुमचं."

ते इतक्या सहज मान्य करतील असं चेअरमनना वाटलं नसावं. ते घुटमळले. मग मीच मध्ये तोंड घातलं, की पुण्याच्या प्रयोगशाळेतले एक शास्त्रज्ञ दसऱ्यानंतर हे बघायला येणार आहेत, तोवर तरी थांबा. चेअरमन म्हणाले, "ठीक. पाव्हना बघून जाऊ द्या. त्यो म्हनला दम हाय, तर खोली तुमची. न्हाईतर दुसऱ्या दिवशी पोती उतरतील. मंजूर?" सर म्हणाले, "मंजूर."

त्यानंतरचे दिवस आम्ही झपाटल्यासारखे होतो. सरांनी जाळाची तोंडं बदलली, एका मोठ्या भोकाऐवजी पुष्कळ बारीक भोकांची, म्हणजे जाळ नळीभर पातळ पसरावा. आरसे हलवून हलवून माझी बोटं दुखली. आणि नवरात्राच्या मध्यावर एका दुपारी, टोकाला टांगलेल्या पोस्टकार्डावर एक तपकिरी ठिपका उमटला. कुणी काही लावलं नव्हतं, काही दिसत नव्हतं, आणि कार्ड करपलं. सर कार्डाकडे बघतच राहिले. मी ओरडले. बबनराव धावत आले, त्यांना वाटलं पट्टा तुटून माझा हात गेला.

खंडेनवमीला कॉलेजला सुट्टी होती. इंजिनाचा एक वॉशर गेला होता, तो आणायला सर आणि मी बाजारात गेलो. पेठेत जिथे तिथे पूजा चालली होती. न्हाव्याच्या वस्तऱ्याला झेंडू, टायपिंग क्लासच्या मशीनला झेंडू, पिठाच्या गिरणीला हळदकुंकू. आम्ही परतलो तर खोलीचं दार उघडं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीला कोबीचा नाही, उदबत्तीचा वास येत होता.

आत वहिनी होत्या. खिळ्यावरची किल्ली घेऊन त्या आल्या होत्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. पंपाला हार, मीटरला कुंकवाची बोटं, उंबऱ्यात नारळ फोडलेला. साध्या प्यायच्या पाण्याची मारामार असताना त्यांनी सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू फोडला होता आणि त्या पाण्याने नळी पुसून घेतली होती. टोकाच्या दोन चकत्या तर, लहान मुलाचे डोळे पुसावेत तशा, ओल्या कापसाने हळूच पुसून वर कुंकू लावलं होतं.

आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, "गावातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. आपलंच तेवढं बोडकं राहिलं होतं."

सर सरळ खिडक्यांकडे गेले. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. कुंकू मिठात मुरून गुलाबी ओघळ आले होते, आणि पाणी जिथे साचलं तिथे खड्डे पडले होते. डब्यात दुसरी जोडी नव्हती, आणि विटेतलं उरलेलं मीठ भेगाळलेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी वहिनींवर ओरडणार होते, अगदी तोंडाशी आलं होतं.

सरांनी हात वर करून मला थांबवलं. ते स्टुलावर बसले. वहिनींचा चेहरा उतरत गेला. काहीतरी झालं आहे हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"ही खिडकी मिठाची आहे," सर शेवटी म्हणाले.

"मिठाची? मग पाण्याने..." वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"तुला ठाऊक नव्हतं ना?"

"मला कोण सांगणार? तुम्ही घरी काही बोलता का?"

सरांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, शिपायाला ठाऊक आहे, बबनरावांना ठाऊक आहे, विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. हिला ठाऊक नाही. ह्यात हिची चूक कुठे आहे?" आणि मग ते बायकोला म्हणाले, "शालूचा पदर मी ह्याच्यासाठी नेला होता. तेही सांगितलं नाही मी."

मी तिथून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आत कोण काय बोललं ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने दारात आले तर सर वहिनींना रुमाल बांधून देत होते.

पाहुणे यायला आठवडाही उरला नव्हता. खराब झालेला थर घासून काढायचा, खड्ड्यांच्या तळापर्यंत जायचं आणि पुन्हा चकाकी आणायची, एवढाच मार्ग होता. एक चकती सरांनी घेतली. दुसरी माझ्याकडे येणार असं मी धरून चालले होते, पण सरांनी ती वहिनींपुढे ठेवली. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. मला आरसे आणि जाळाची तोंडं सांभाळायची होती, हे खरं, तरी लागलं.

वहिनींनी पहिल्या दिवशी चकती वेडीवाकडी घासली. सरांनी ती फिरवून दाखवली, कुठे दाब जास्त पडतोय ते समजावलं, पुन्हा समजावलं. दुसऱ्या दिवशी थोडी बरी झाली. चौथ्या दिवशी तिच्यातून खिडकीबाहेरची बोर स्वच्छ दिसायला लागली. त्या घासण्यात दोघं सारखी बोलायची, रुमालाआडून, पुटपुटत. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं सगळं. चुलीवरून एकदा चांगलंच वाजलं. सर म्हणत होते तीन भांड्यांचं गणित बरोबर आहे, आणि वहिनी म्हणत होत्या मग तुम्हीच शिजवा.

घासून घासून दोन्ही खिडक्या बिस्किटाएवढ्या पातळ उरल्या. सरांना त्याची काळजी होती. नळीत आत पोकळी आणि बाहेर आपली हवा. ती हवा खिडकीला सतत आत ढकलत असते. त्यात किरण जोराचा झाला की मीठ तापतं, आणि तापलं की तडकतं. फुटली तर हवा आत शिरणार, जाळ भडकणार, आणि खोलीबरोबर सगळंच संपणार.

पाहुणे आले. बारीक अंगाचे, मितभाषी गृहस्थ. चेअरमन आले, बबनराव इंजिनापाशी उभे राहिले. वहिनी दारात. मी आरशांच्या स्क्रूवर बोटं ठेवून उभी होते आणि माझ्या हातांना घाम फुटला होता.

इंजिन सुरू झालं, पंप धडधडायला लागला, दाबाच्या मीटरचा काटा खाली खाली गेला. खिडक्यांनी दम धरला. सरांनी जाळ लावला. जाळ बघायला नळीच्या बाजूला बसवलेल्या काचेतून चेअरमन वाकून पाहत म्हणाले, "येवढाच? आमच्या चुलीत ह्याच्यापरीस मोठा आस्तो." टोकाला पोस्टकार्ड होतं. त्यावर ठिपका उमटला, तपकिरी झाला, काळा झाला आणि कार्डाला भोक पडलं. मला नाचावंसं वाटलं.

पाहुणे कार्ड उलटसुलट करून म्हणाले, "छान. पण कागद भिंग धरून उन्हातही जळतो. धातू दाखवाल?"

सरांनी धातू आणून ठेवला होता. चहाच्या खोक्यातला शिशाचा पातळ पत्रा, किरण परतून जाऊ नये म्हणून दिव्यावर धरून काजळी लावलेला. तो त्यांनी टांगला. पण त्याला कार्डापुरता जाळ पुरणार नव्हता. वायूचा कॉक पूर्ण उघडायला हवा होता, आणि किरण ज्या खिडकीतून बाहेर पडायचा ती वहिनींची होती. सरांनी कॉकवर हात ठेवला आणि ते थांबले. मी इतक्या महिन्यांत त्यांना कुणाची परवानगी घेताना पाहिलं नव्हतं, प्राचार्यांचीसुद्धा नाही. ते मागे वळले.

"तुझ्या हातची आहे," ते दाराकडे बघून म्हणाले. "फुटेल कदाचित. वाढवू का?"

सगळे वहिनींकडे बघायला लागले. चेअरमन, पाहुणे, बबनराव. वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "ठेवून काय करायचीय? वाढवा की."

सरांनी कॉक उघडला. निळा जाळ नळीभर पसरला. पत्र्याला काही झालं नाही. मग काजळीतून जरासा धूर निघाला. एक चमकता थेंब, मोहरीएवढा, पत्र्यावरून हळूच खाली ओघळला. सरांनी ताबडतोब कॉक बंद केला. त्याच क्षणी खिडकीतून बारीक कट् असा आवाज आला, आणि बबनरावांनी कुणी न सांगता इंजिन बंद केलं.

चेअरमननी पत्रा दाराच्या उजेडात धरला. एक डोळा मिटून भोकातून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. बबनराव त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "येवढंसंच?"

"जाळीला एवढंसंच लागतं," सर म्हणाले.

पाहुण्यांनी पत्रा घेतला, रुमालात गुंडाळला, आणि सरांना विचारून खिशात ठेवला. म्हणाले, "हे बंद करू नका. आरसे चांगले हवेत, ते मी पाठवतो. मिठाचा नवा स्फटिकही." चेअरमन टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "आता पोत्यांचं काय करू मी? बरं, माझ्या पडवीत उतरवा. घरची बोंबलतील, बोंबलू द्या." आणि ते पाहुण्यांना आणि बबनरावांना चहाला घेऊन गेले.

खोलीत आम्ही तिघंच राहिलो. वहिनी खिडकीपाशी गेल्या. चकतीच्या कडेला केसाएवढी भेग पडली होती. त्या बोट न लावता वाकून बघत राहिल्या. "गेली की हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडूच कोसळलं.

सर जवळ गेले, भेग पाहिली. मला वाटलं आता हे काहीतरी शास्त्र सांगणार. ते म्हणाले, "जाऊ दे. उद्या ये, दुसरी घासायला घेऊ."

वहिनींनी डोळे पुसले. "उद्या नाही जमायचं. उद्या दळण आहे, आणि मग तुमची ती चूल पाडायचीय मला. परवा येते."

सरांनी रुमाल घडी करून खिशात घातला. "परवा तर परवा," म्हणाले.

मग त्यांनी भिंतीला लावलेली बिनघंटीची सायकल हातात धरली, आणि तिच्यावर न बसता, वहिनींच्या बरोबरीने, बोलत बोलत, भर दुपारी पेठेतल्या सगळ्यांच्या देखत चालत घरी गेले.